चौदा वर्षांचा जिम मार्टिन: फायलीत वय १८ कसं, आणि तापाने गेला तर ते वीरमरण का?

आधी प्रश्न काय होता ते दोन ओळीत, कारण धागा लांबलाय. मेलबर्नच्या एका बाबांच्या नववीतल्या लेकीला शाळेत अँझॅक डेच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन) प्रोजेक्टसाठी जिम मार्टिन हा पहिल्या महायुद्धातला पायदळातला सैनिक मिळालाय. तिने नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवरून त्याची फाइल काढली तर त्यात वय १८ आणि बाकी सगळीकडे चौदा वर्षं नऊ महिने. वर मृत्यूचं कारण "एन्टेरिक फिव्हर", तोही खंदकात नाही, हॉस्पिटलच्या जहाजावर. बाबा विचारतायत की आकडा कुठला लिहायचा, सैन्याला चौदा वर्षांचं पोर दिसलं नाही का, आणि तापाने गेला तर त्याला वीरमरण म्हणायचं का, कारण मुलगी हिरमुसलीय आणि दुसरा सैनिक मागून घेते म्हणते.

दुसरा मागू देऊ नका. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

माझं सांगायचं तर पोटापाण्याचं काम हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समधलं, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या केसपेपरवरून आजाराचे आणि मृत्यूच्या कारणाचे कोड लावणे, आणि गेली सतराअठरा वर्षं शनिवार-रविवारी इथल्या कुटुंबांना त्यांच्या पणजोबा-चुलतपणजोबांच्या सर्व्हिस फायली वाचून लावून देतो. दोन्ही कामात एकच सवय लागते. कागद काय म्हणतो हे नंतर बघायचं, आधी बघायचं तो कोणी लिहिला, कोणाला विचारून लिहिला, आणि लिहिणाऱ्याला काय हवं होतं. तुमचा खरा प्रश्न "१४ की १८" हा नाहीच, एकाच पोराबद्दल तीनचार माणसांनी तीनचार वेगळ्या कारणांनी लिहिलेले कागद एकत्र कसे वाचायचे हा आहे.

वयापासून सुरू करू. फायलीतला पहिला मोठा कागद म्हणजे अटेस्टेशन पेपर, भरतीचा फॉर्म. त्यात छापील प्रश्न आहेत, नाव काय, जन्म कुठला, धंदा काय, लग्न झालंय का, वय काय, आणि समोर उत्तरं. ही उत्तरं उमेदवाराने तोंडी दिलेली, खाली शपथ आणि सही. जन्माचा दाखला जोडा असं तिथे कुठेच नाही. म्हणजे तिथलं "१८" हे सैन्याने तपासून काढलेलं वय नाही, पोराने सांगितलेलं आहे. जन्म ३ जानेवारी १९०१, न्यू साउथ वेल्समधलं टोकमवॉल, आणि भरती १२ एप्रिल १९१५ ला मेलबर्नला. करा वजाबाकी, चौदा वर्षं तीन महिने. मग अठरा का, सतरा किंवा एकवीस का नाही? एकवीसच्या खालच्याला घरच्यांची लेखी परवानगी लागायची, त्यामुळे एकवीस सांगितले असते तर आईबापाला विचारायची गरजच नव्हती, पण चौदाच्या पोराला एकवीस कोण मानणार. अठरा हा खपेल असा सगळ्यात छोटा आकडा. अशा फायलींमधे अठरा आणि एकवीस या दोन आकड्यांवर माझा कधीच पटकन विश्वास बसत नाही, एकोणीस वर्षं सात महिने असं काही लिहिलेलं असेल तर जरा जास्त बसतो.

आता डॉक्टर. त्याच फॉर्मच्या मागे मेडिकल सर्टिफिकेट असतं. त्यात डॉक्टर काय लिहून देतो, तर नजर ठीक आहे, हृदय आणि फुफ्फुसं निरोगी आहेत, हातपाय नीट हलतात, आणि फिट्स येत नाहीत असं हा स्वतः सांगतोय. संपलं. वय किती हे ठरवायची जबाबदारी त्याच्यावर नाही. शेतावर काम केलेलं अंगापिंडाने भरलेलं पोर, शाळेत कॅडेट म्हणून कवायत केलेली, बाहेर रांग लागलेली. दिसलं नसेल असं मी म्हणत नाही. बघायला कोणी बसवलंच नव्हतं एवढंच म्हणतो. हे डॉक्टरवर ढकलणं सोपं आहे पण मी रोज असे फॉर्म बघतो, ज्या चौकटीत जे विचारलंय तेवढंच माणूस भरतो.

आणि आईने परवानगी कशी दिली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मुलगी विचारेल. घरात पाच बहिणी आणि हा एकटा मुलगा. वडील भरतीला गेले होते, त्यांना परत पाठवलं, तेव्हा हा म्हणाला बाबा मी जातो, असं घरचे सांगत. पुढे याने आईला सरळ सांगितलं की सही दिली नाहीस तर पळून जाईन, दुसऱ्या नावाने भरती होईन, आणि एकही पत्र टाकणार नाही. आता त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. सही नाही दिली तर पोरगा जाणारच, आणि वर कुठल्या नावाने कुठे मेला हेही कळणार नाही. सही दिली तर निदान नाव खरं राहील आणि पत्र येईल. अमेलिया मार्टिनने सही दिली. सौदा पत्रांचा होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे एक तारखेची गंमत आहे. गंमत म्हणजे तसली नाही. १२ एप्रिलला गॅलिपोलीची, म्हणजे तुर्कस्तानातल्या त्या द्वीपकल्पावरची, जमिनीवरची लढाई सुरूच झाली नव्हती, अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य तिथे उतरलं २५ एप्रिलला आणि मेलबर्नच्या पेपरात पहिलं मोठं वर्णन आलं मे महिन्यात. प्रोजेक्टमधे हमखास "गॅलिपोलीच्या शौर्यकथा वाचून भरती झाला" असं वाक्य येतं, या पोराच्या बाबतीत ते चूक आहे. तो आधीच कॅम्पात होता.

पुढचा प्रवास पटकन. एकविसावी बटालियन, शिपाई. ब्रॉडमेडोज आणि सेमूरच्या कॅम्पात ट्रेनिंग, २८ जून १९१५ ला बेरिमा जहाजाने मेलबर्न सोडलं, मग इजिप्त. तिथून ऑगस्टच्या शेवटी साउथलंड नावाच्या जहाजाने गॅलिपोलीकडे, आणि २ सप्टेंबरला लेम्नॉस बेटाच्या अलीकडे जर्मन पाणबुडीने साउथलंडला टॉर्पेडो मारला. जिम चार तास पाण्यात होता. त्याच्या ब्रिगेडचे कमांडर कर्नल लिंटन याच प्रकारात गेले. जहाज बुडालं नाही, कसंबसं बंदराला लागलं, आणि हे पोर वाळवून घेतल्यासारखं सहा दिवसांनी, ८ सप्टेंबरला, गॅलिपोलीत उतरलं.

गॅलिपोलीत तेव्हा काय चाललं होतं? मोठे हल्ले ऑगस्टमधेच फसून संपले होते. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे खंदक धरून बसायचं. जिमच्या ९ ऑक्टोबरच्या पत्रात तुर्क सत्तरेक यार्डांवर आहेत असं आहे, म्हणजे साधारण साठपासष्ट मीटर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. तुमची लेक प्रोजेक्टमधे संगिनी घेऊन धावणारे सैनिक काढणार असेल तर थांबवा. तिने माश्या काढाव्यात. खरंच. पुरलेली-न पुरलेली प्रेतं, उघडे संडास, पाणी बाहेरून जहाजाने आणून किनाऱ्यावरून वर चढवायचं त्यामुळे प्यायलाच मोजून मिळतं, हात धुणं दूरची गोष्ट, आणि खायला डब्यातलं खारट बीफ आणि दगडासारखी बिस्किटं. बिस्किटावर जॅम लावला की तोंडात जाईपर्यंत माश्या बसलेल्या. त्या शरद ऋतूत तिथून लोकांना जहाजांवर हलवायला लागत होतं ते गोळीपेक्षा पोटाने आणि तापाने जास्त.

(वर कोणीतरी विचारलंय गॅलिपोलीत मराठे होते का. अँझॅकच्या भागात हिंदुस्थानी माउंटन बॅटऱ्या होत्या आणि खेचरांची पथकं होती, पाणी आणि दारूगोळा वर चढवायचं काम बरंचसं त्यांचं, पण ती माणसं मुख्यतः पंजाब आणि वायव्य सरहद्दीकडची. आपल्या मराठा पलटणी त्याच वेळी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, सहाव्या पुणे डिव्हिजनमधे, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पुढे कूटच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. व्हॉट्सअॅपवर फिरतं ते "गॅलिपोलीचे मराठे" फॉरवर्ड करू नका. आणि एक सांगून ठेवतो, जिमची पानंच्या पानं फाइल आज फुकट घरबसल्या वाचता येते, आणि बसराच्या स्मारकावर हिंदुस्थानी शिपायांची नावंसुद्धा कोरली नव्हती, पलटणीच्या खाली नुसते आकडे. साताऱ्याच्या पोरांना एक आकडा. असो, तो वेगळा धागा होईल.)

आता मृत्यू. इथे माझा रोजचा धंदा कामाला येतो.

"एन्टेरिक" म्हणजे टायफॉइड, आपला मुदतीचा ताप, जुन्या लोकांचा विषमज्वर. हे नाव ऐकून तुमची लेक हिरमुसली कारण आज टायफॉइड म्हणजे दहा-चौदा दिवस गोळ्या आणि मऊभात. १९१५ मधे अँटिबायोटिक नव्हतंच. मुदतीचा ताप हे नावच सांगतं, मुदत भरेपर्यंत वाट बघायची, पडून राहायचं, आणि त्यातून उठलात तर उठलात. नुसतं पडून राहणं हाच उपचार. आणि जिम पडून राहिला नाही. आजारी असूनही पंधरा दिवसांच्या आसपास खंदकातच राहिला, डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. का ते कुठल्या कागदावर नाही आणि मी कल्पना करून सांगणार नाही, पण वय खोटं सांगून आलेल्या माणसाला डॉक्टरची किती ओढ असेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

२५ ऑक्टोबरला त्याला ग्लेनार्ट कॅसल या हॉस्पिटलच्या जहाजावर चढवलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला. मेट्रन होत्या फ्रान्सिस रेडॉक, त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला पत्र लिहिलं, की त्याला लगेच अंथरुणात घेतलं, शक्य तेवढा आराम दिला, बरं वाटतंय म्हणाला, नर्सचे आभार मानले, झोपायला म्हणून कूस केली आणि अचानक गेला, हार्ट फेल्युअरने.

तर एका कागदावर एन्टेरिक आणि पत्रात हार्ट फेल्युअर, म्हणून काही साइटवर "मृत्यूबद्दल मतभेद" वगैरे लिहिलेलं असतं. मतभेद काही नाही. हार्ट फेल्युअर हे मृत्यूचं कारण नसतं, तो शेवट असतो, हृदय थांबल्याशिवाय कोणीच मरत नाही. आम्हाला कामावर पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात की डॉक्टरने नुसतं "हृदय बंद पडलं" लिहिलं असेल तर केसपेपर परत पाठव आणि विचार कशामुळे. मुदतीच्या तापात ते विष हृदयाच्या स्नायूंवर जातं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरा वाटणारा पेशंट अचानक कोसळतो हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही माहीत होतं, म्हणून तर उठू देत नसत. पंधरा दिवस ताप घेऊन खंदकात उभं राहणं आणि संध्याकाळी झोपायला म्हणून कूस करून जाणं, या दोन गोष्टी एकमेकांशी बरोब्बर जुळतात. तेव्हा कारण टायफॉइड, शेवट हृदयाचा, दोन्ही कागद खरे.

मात्र मेट्रनचं पत्र वाचताना एक सांभाळायचं. अशी पत्रं मी शेकड्यांनी वाचलीत. "लगेच गेला", "त्रास झाला नाही", "शांतपणे झोपला". फ्रान्समधे गेलेल्यांच्या फायली बघा, कमांडरच्या पत्रात गोळी लागून जागेवर गेला असं असतं, आणि त्याच माणसाबद्दल रेड क्रॉसच्या चौकशी विभागाने सोबतच्या शिपायांकडून घेतलेल्या जबान्या वाचल्या की तीन जणांच्या तीन कथा, त्यातल्या एकात तरी तो रात्रभर मैदानात पडून हाका मारत होता. (हा चौकशी विभाग व्हेरा डीकिनने कैरोला सुरू केला तो जिम गेला त्याच महिन्यात, १९१५ च्या ऑक्टोबरात.) जिमच्या पत्रात संध्याकाळी ६.४० ही वेळ आहे, नर्सचे आभार मानल्याचा बारीक तपशील आहे, आणि लिहिणारी बाई त्या जहाजावर होती. म्हणून मी ते बऱ्यापैकी विश्वासाचं मानतो. पण तरी ते आईला उद्देशून लिहिलंय, वैद्यकीय रिपोर्ट नाही.

वीरमरण म्हणायचं का? आपल्याकडे धारातीर्थी पडला म्हणजे धारेवर, तलवारीच्या, हा शब्दच तसा आहे, त्यामुळे तापाने गेला की आपलं मन आपोआप खालच्या पायरीवर बसवतं. इथल्या कागदात ती पायरी नाही. लढताना मेला, जखमांनी मेला, आजाराने मेला, हे तीन वेगळे शिक्के फायलीत पडतात ते हिशोबासाठी. कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमधे ब्राँझच्या पाट्यांवर पलटणीप्रमाणे नुसती नावं आहेत, हुद्दा नाही, कसा मेला नाही. जनरल आणि शिपाई एकाच मापात. जिमचं नावही तिथेच. त्याला समुद्रात दफन केल्यामुळे कबर नाही, म्हणून गॅलिपोलीच्या लोन पाइन स्मारकावरही आहे, तिथे कबर नसलेल्या आणि समुद्रात दफन केलेल्या हजारो लोकांची नावं आहेत. ऑस्ट्रेलियाने त्या युद्धात तीन लाख तीस हजारांच्या आसपास माणसं बाहेर पाठवली, सगळी स्वखुशीने भरती झालेली, आणि साठ हजारांच्या आसपास गेली. मराठीत काय शब्द वापरायचा हे तुम्ही ठरवा, मी स्वतः "युद्धात गेला" म्हणतो. "शहीद" मला जड वाटतो, तो माझ्या तोंडचा नाही.

आता कामाचं, कारण प्रोजेक्ट द्यायचा आहे. वय लिहिताना दोन्ही लिहा: "भरतीच्या फॉर्मवर सांगितलेलं वय १८, जन्मतारखेवरून खरं वय १४ वर्षं ३ महिने, मृत्यूच्या वेळी १४ वर्षं ९ महिने." आणि "ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात लहान सैनिक" असं ठोकून देऊ नका, "युद्धात मेलेल्यांमधे सगळ्यात लहान म्हणून माहीत असलेला" असं लिहा, कारण खोटं वय सांगितलेल्यांपैकी जे कधी सापडलेच नाहीत ते कसे मोजणार. शोधताना नावावर जाऊ नका, जिम म्हणजे जेम्स, आणि जेम्स मार्टिन या नावाचे ढिगाने सैनिक आहेत. त्याचा नंबर १५५३, पण नुसता नंबरही पुरत नाही, तेव्हा नंबर पलटणीप्रमाणे दिले जायचे त्यामुळे तोच नंबर वेगवेगळ्या बटालियनमधे वेगवेगळ्या माणसांना असतो. नंबर आणि बटालियन दोन्ही जुळलं तरच आपला माणूस. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, सुरुवातीच्या काळात एका आजींना मी आडनाव आणि नंबर बघून भलत्याच माणसाची फाइल लावून दिली होती, आणि चूक कळून सांगायला गेलो तोवर त्यांनी ती फ्रेम करून दिवाणखान्यात लावली होती. त्या काही बोलल्या नाहीत, चहा दिला. मला आजही तो चहा आठवला की कसंतरी होतं.

फाइल वाचायचा क्रम म्हणाल तर मी मागून पुढे वाचतो. शेवटची पानं म्हणजे मेल्यानंतर बेस रेकॉर्ड्स ऑफिसने घरच्यांशी केलेला पत्रव्यवहार, सामानाची पावती, पदकांची पावती, ब्राँझच्या स्मारक-चकतीची पावती. अशा फायलींमधे खरा आवाज तिथे असतो, कारण भरतीचा फॉर्म कारकुनाच्या अक्षरात असतो आणि ही पत्रं आईबापाच्या अक्षरात. मधला बी १०३ नावाचा फॉर्म म्हणजे त्याची हालचाल, कुठल्या तारखेला कुठल्या जहाजावर, कुठल्या हॉस्पिटलात. त्यात तारखांचे दोन रकाने असतात, एक ऑफिसात बातमी पोचल्याची आणि एक घटना घडल्याची, मुलं नेहमी पहिला रकाना उचलतात आणि मग माणूस मेल्यानंतर आठवड्याने मेलेला दिसतो.

आणि पत्रं. जिमची घरी पाठवलेली पत्रं वॉर मेमोरियलच्या संग्रहात आहेत, ती लेकीला स्वतः वाचू द्या, तुम्ही आधी वाचून सारांश सांगू नका. ती नववीत म्हणजे त्याच्याच वयाची. शेवटच्या पत्रात माझी काळजी करू नका, मी मजेत आहे असं आहे. आणि व्हिक्टोरिया सोडल्यापासून मला तुमचं एकही पत्र मिळालं नाही असंही आहे. सौदा आठवतोय ना, तो लिहीन म्हणाला होता, त्याने लिहिलं. घरचेही लिहीत होते. टपाल त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, आधी इजिप्त मग बेटं मग किनारा, पलटण हलली की थैल्या मागे राहायच्या.

बी १०३ चं स्कॅन फिकट आहे आणि अक्षर घाणेरडं असतं, अडलं तर पानाचा फोटो इथे टाका, मी रविवारी सकाळी बसतो तेव्हा वाचून देतो.